खंडेनवमीचं पिस्तूल

पाणबुड्यांना दोन सायकली, एक शॉपिंग ट्रॉली आणि कुणाचा तरी बूट सापडला. पिस्तूल सापडलं नाही. हेगजवळच्या रायस्वाइकच्या कालव्यात दोन तास तळ चाचपून त्यांनी तसा रिपोर्ट दिला. सरकारी वकिलांनी त्यातून निष्कर्ष काढला, की आरोपीने शस्त्राची यशस्वी विल्हेवाट लावली आहे.

तो रिपोर्ट हेंकने माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाला, सुनावणीला नऊ दिवस उरलेत, आणि आपल्याकडे त्या मुलाच्या शब्दाशिवाय काहीही नाही.

हेंक माझा बॉस. हेगमधल्या आमच्या तीन माणसांच्या ऑफिसचा मालक, फौजदारी वकिलीत मुरलेला. मी पुण्यात एलएलबी केलं, लग्नानंतर नेदरलँड्सला आले, डच शिकले आणि कायद्याची डिग्री पुन्हा पहिल्यापासून केली. केस पांढरे व्हायला लागले तेव्हा कुठे त्याच्या हाताखाली उमेदवारी करत होते. इथे बॉसला नावाने हाक मारतात. मला ते जमायला दोन वर्षं लागली. तोवर मी त्याला 'मेनेर', म्हणजे साहेब, म्हणायची आणि तो दर वेळी कपाळाला आठ्या घालायचा. आता तो निवृत्त होऊन हार्लेमला राहतो. ऑफिसच्या जागी चष्म्याचं दुकान आलंय. मी मोठ्या फर्ममध्ये आहे, कॉफी उत्तम मिळते, आणि तरी त्या अंधाऱ्या जिन्याची, फायलींच्या कुबट वासाची मला फार आठवण येते. खरं सांगायचं तर वकिली मी तिथेच शिकले.

तर केस. नावं बदलली आहेत, बाकी जसंच्या तसं.

हेगमधल्या एका मोबाइलच्या दुकानात शनिवारी दुपारी एक माणूस घुसला. निळा रेनकोट, तोंडावर रुमाल. त्याने पिस्तूल काढलं, छतात एक गोळी झाडली आणि गल्ला घेऊन गेला. कुणाला लागलं नाही, पण दुकानदार हादरून गेला. छतातून खरी गोळी निघाली. हत्यार दाखवून लुटणं एक, आणि ते चालवणं दुसरं. सिद्ध झालं तर काही वर्षं आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रायस्वाइकमध्ये कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंनी पाहिलं, की निळा रेनकोट घातलेल्या एका तरुणाने कालव्यात काहीतरी गाठोडं टाकलं आणि तो पळत सुटला. तो कुठल्या इमारतीत शिरला ते पाहून त्यांनी पोलिसांना फोन केला. तो तरुण म्हणजे निनाद. मूळचा सांगलीचा, वय सव्वीस, राहायला रायस्वाइकलाच, रॉटरडॅमला आयटीत नोकरी. पोलीस दाराशी आले तेव्हा त्याने चांगल्या घरातल्या मुलासारखी सगळी खरी उत्तरं दिली. वकिलाची वाटही पाहिली नाही. गाठोड्यात काय होतं? पिस्तूल. कुणाचं? माझं. खेळण्यातलं आहे, असंही तो म्हणाला, पण तसं सगळेच म्हणतात.

मग त्यांनी त्याचा फोन पाहिला. त्यात एक फोटो होता. पाटावर काळंभोर पिस्तूल, त्यावर कुंकू, बाजूला झेंडूची फुलं. घरच्या ग्रुपवर तो पाठवताना त्याने खाली लिहिलं होतं, 'आमचं शस्त्रपूजन'. दुभाष्याने त्याचा अचूक अनुवाद करून दिला होता. शनिवारी दुपारी निनाद त्याच दुकानाच्या स्टॉपवर ट्रामने उतरला होता, हेही त्याच्या कार्डावरून निघालं. तो तिथे तूरडाळ आणायला गेला होता.

हेंकने फोटो पुढे सरकवला आणि मला विचारलं, तुमच्यात पिस्तुलांची पूजा करतात?

मला हसू आलं आणि लगेच माहेर आठवलं. वाईला आमच्या घरी खंडेनवमीला बाबांची कायद्याची पुस्तकं पाटावर मांडली जायची. बाबा तालुका कोर्टात वकील होते. पुस्तकांशेजारी आईची विळी, अडकित्ता, शिवणाच्या मशीनची कात्री. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याला वर्षातून एक दिवस नमस्कार करायचा, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. बाबांना तो एक दिवस पुस्तक उघडायला बंदी असायची, आणि ते बिचारे घरभर येरझारा घालायचे. हे सगळं मी हेंकला डचमध्ये समजावून सांगितलं. त्याने सगळं वहीत टिपून घेतलं. मग म्हणाला, "मला पटलं. पण न्यायाधीश विचारतील, पूजा केलेली वस्तू दरोड्याच्या दुसऱ्याच दिवशी पाण्यात का टाकली?"

इथे जामीन भरून सुटायची फारशी पद्धत नाही. आधी एक न्यायाधीश चौदा दिवसांची कोठडी देतो. ती संपायच्या आत तीन न्यायाधीशांपुढे बंद दाराआड सुनावणी होते. तिला राडकामर म्हणतात. तिथे कोठडी आणखी नव्वद दिवस वाढू शकते. निनादचा व्हिसा नोकरीला बांधलेला. तीन महिने आत गेला तर नोकरी जाणार, नोकरी गेली की इथला मुक्काम संपला. निर्दोष सुटला असता तरी विमानाने घरी गेला असता.

मी निनादच्या आईला भेटायला गेले. सुमनकाकू तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या होत्या. एका खोलीच्या त्या घरात त्या पलंगाच्या कडेवर बसून होत्या. चहा त्यांनी केला, पण स्वतः घेतला नाही.

हळूहळू सगळं बाहेर आलं. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात निनाद नाटकात फौजदार होणार होता. त्यासाठी काकूंनीच सांगलीहून टिकल्यांचं पिस्तूल आणलं होतं. खंडेनवमीला लॅपटॉप झाला, पान्हे झाले, सायकलचा पंप झाला, पण घरात शस्त्र म्हणावं असं ते एकच होतं, म्हणून तेही पाटावर ठेवलं. पुढे तालमीत ते पडलं आणि त्याचा घोडा तुटला.

"तो कचऱ्याच्या डब्यात टाकत होता," काकू म्हणाल्या. "मीच ओरडले. पुजलेली वस्तू आहे, पाण्यात सोड म्हटलं. तो नको नको म्हणत होता, वकीलबाई. इथे असं चालत नाही म्हणाला. मीच मागे लागले. कोर्टाला सांगा ना, मला धरा म्हणावं."

मी म्हटलं, काकू, आईचं ऐकल्याबद्दल आईला धरायचं असं कलम इथेही नाही. त्यांना हसू आलं नाही. माझंच मला वाईट वाटलं, कारण आमच्या घरातही निर्माल्य कधी डब्यात गेलं नव्हतं. इथे आल्यावर पहिली काही वर्षं मीसुद्धा सुकलेला हार पिशवीत घालून पाण्याच्या कडेला चोरासारखी उभी राहिले आहे.

निघताना सहज विचारलं, गाठोड्यात आणखी काय होतं?

"फुलं होती. आणि कलशावरचा नारळ."

"फोडलेला?"

"नाही गं. अख्खा. माझ्या लाल ब्लाउजपीसमध्ये सगळं घट्ट बांधून दिलं होतं."

मी दारातच थांबले. वाईच्या घाटावर मी आणि माझी चुलतबहीण खालच्या अंगाला पाण्यात उभ्या राहायचो. वर लोक कृष्णामाईला नारळ सोडायचे आणि आम्ही खाली ते अडवायचो. घरी कळलं तेव्हा मार खाल्ला, पण तोवर बरंच खोबरं पोटात गेलं होतं. पाण्यात सोडलेला अख्खा नारळ बुडत नाही. प्लास्टिकचं हलकं पिस्तूल बांधलं, तरी तो त्याला घेऊन तरंगणार. पाणबुड्यांनी तळ शोधला, कारण खरं पिस्तूल तळाला जातं. पाण्याच्या पृष्ठभागावर कुणी पाहिलंच नव्हतं. निनाद तर त्या बाईंची नजर पडताच पळाला होता. मागे वळून बघायचं भान त्याला कुठलं.

रस्त्यावरूनच हेंकला फोन केला. नारळ तरंगतो हे मी त्याला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्याने मला थांबवलं आणि विचारलं, त्या कालव्याचं पाणी जातं कुठे?

ते जातं पंपिंग स्टेशनकडे. इथली जमीन समुद्रसपाटीच्या खाली, म्हणून पाणी सतत उपसून वर काढावं लागतं. पंपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते. वाहून आलेलं सगळं तिथे अडकतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल काढून तिथे पोचले. यान नावाचा साठीचा माणूस दाताळं घेऊन जाळी साफ करत होता. मी वकील आहे, एक लाल गाठोडं शोधतेय, असं सांगितलं. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेडमध्ये नेलं.

कोपऱ्यात प्लास्टिकचा एक क्रेट होता. त्यात सुकलेल्या माळा, मातीची एक पणती, आणि काकूंचं लाल गाठोडं. गाठ तशीच होती.

"हे मी बाकीच्या कचऱ्यात टाकत नाही," यान म्हणाला. "पूर्वी एक सुरिनामी हिंदू आजी इथे यायच्या. त्यांनी सांगितलं होतं, हे देवाचं असतं. मग मी बाजूला ठेवतो आणि वर्षातून एकदा माझ्या बागेत पुरतो."

"उघडून पाहिलंत?"

"नाही. माझं नाही ना ते."

मला तिथेच रडू फुटलं. वकिलाने साक्षीदारापुढे रडू नये, हे मला ठाऊक आहे. पण परक्या मुलखात आपलं निर्माल्य कुणीतरी असं जपून ठेवलंय, हे पाहून मला राहवेना. त्या भरात मी गाठीला हात घालणार, तेवढ्यात हेंकचा फोन आला. सापडलं, उघडतेय, मी म्हटलं. "हात लावू नकोस," तो म्हणाला. "तू उघडलंस तर ते वकिलाने आणलेलं खेळणं होईल. पोलिसांना बोलाव आणि लांब उभी राहा." मी अंगणात जाऊन उभी राहिले. यानने मला कपभर कॉफी आणून दिली. ती फारच वाईट होती.

पोलिसांनी यानसमोर, फोटो काढत गाठोडं उघडलं. नारळ, कुजलेला झेंडू, आणि तुटक्या घोड्याचं काळं प्लास्टिकचं पिस्तूल. आत लाल टिकल्यांची भिजलेली गुंडाळी. मुठीवरचा ओरखडा फोटोतल्या ओरखड्याशी जुळला. नळी पुढून बंद होती. त्यातून गोळी सोडाच, वाटाणाही सुटला नसता.

राडकामर अर्ध्या तासात आटोपलं. फोटोतलं पिस्तूल खेळणं ठरल्यावर सरकारी वकिलांकडे एक रेनकोट आणि ट्रामचं कार्ड उरलं. मधल्या न्यायाधीशबाईंनी विचारलं, हेगमध्ये निळे रेनकोट किती असतील? सरकारी वकील फाइल चाळू लागले. हेंकने भाषण तयार केलं होतं, ते त्याने खिशातच ठेवलं. मी त्याच्याकडून शिकलेली ही सगळ्यात अवघड गोष्ट. निनाद त्याच दुपारी सुटला. काही आठवड्यांनी दरोड्याचा आरोपही मागे घेतला गेला. नोकरी वाचली.

पण एक पत्र आलंच. इथे खऱ्यासारखं दिसणारं खेळण्यातलं पिस्तूल बाळगणं हाही गुन्हा आहे. पहिलीच वेळ म्हणून ताकीद देऊन सोडलं, आणि पिस्तूल जप्त करून नष्ट करण्याचा हुकूम निघाला. सांगलीच्या बाजारात जे दिवाळीला टोपलीत मिळतं, ते इथे शस्त्रास्त्रांच्या कायद्यात बसतं. पक्षकारांना मी तेव्हापासून दोन गोष्टी सांगते. वकील येईपर्यंत गप्प बसा. आणि वकील आला, की गाठोड्यात काय काय होतं ते सगळं सांगा, नारळासकट. खरा चोर सापडला की नाही, मला माहीत नाही. तो माझा पक्षकार नव्हता.

निनाद सुटला तेव्हा काकू कोठडीच्या फाटकाबाहेर माझ्या शेजारी उभ्या होत्या. मुलगा आपल्याशी बोलेल की नाही, या धास्तीने त्यांनी माझा दंड घट्ट धरला होता. तो आला, त्यांच्यासमोर थांबला. मग त्याने वाकून, रस्त्यावरच, त्यांना नमस्कार केला. काकू त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "यापुढे माझं सगळं ऐकत जाऊ नकोस रे."

"बरं," निनाद म्हणाला. तेही त्याने ऐकलं.