एकतारीचा जीव

माझे वडील, तात्या, देवळातल्या भजनात सगळ्यात पुढं एकतारी घेऊन उभे राहायचे. जुन्या एकतारीचा भोपळा चिरला, म्हणून नवी घ्यायला ते मला बारामतीच्या बाजारात घेऊन गेले. चौथीनंतर माझी शाळा सुटली होती. चार माणसांत माझं तोंड उघडत नसे. तरी मलाच का नेलं, ते दुकानात कळलं.

दुकानदारानं दोन एकताऱ्या पुढं ठेवल्या. एक मिरजेची, एक इंदापूरकडच्या सुताराची. तारेखाली सुताचा धागा असतो, त्याला जीव म्हणतात. तो सरकवत सरकवत नेमक्या जागी आला की आवाज खुलतो. मिरजेच्या एकतारीचा जीव लागलेला होता. आवाज गोल निघायचा आणि लांब जाऊन विरायचा. इंदापूरची नुसती भरभरत होती, डब्यात खडे हलवावेत तशी. दांडी मात्र जाड, हाताला भरीव.

तात्यांनी मिरजेची कानाशी धरली आणि खाली ठेवली. दुसरी छातीशी धरली, दांडीला दात लावले आणि तार छेडली.

"तात्या, वाजवायची हाय, खायची न्हाय," दुकानदार हसला.

तात्यांनी त्याच्याकडं पाहिलंच नाही. ते माझ्याकडं वळले. "हिचा जीव लागलाय न्हवं?" आणि माझ्या ओठांकडं बघत राहिले.

कितीतरी दिवस ते असंच सगळ्यांच्या ओठांकडं बघत होते. मी खरं बोलले असते, तर तात्यांना ऐकू येत नाही हे दुकानदाराला कळलं असतं, मग गावाला, आणि तात्यांची भजनातली जागा गेली असती.

"व्हय, लागलाय," मी ओठ नीट हलवून म्हटलं.

आमचं घर आणि रान रुळापलीकडं. दौंडची छोटी गाडी तिथून जायची. इंदापूरची एकतारी घेऊन तात्या पुढं, मी मागं. बाभळींच्या वळणावर शिट्टी झाली. तात्या रुळाच्या मधोमध थांबले आणि मान खाली घालून एकतारीकडं बघू लागले. पुन्हा शिट्टी झाली. मी धावत जाऊन त्यांची बाही ओढली. दोघंही खडीवर पडलो. गाडी गेली.

तात्या बराच वेळ उठले नाहीत. मग हळूच म्हणाले, "हातात थरथरली गं. न छेडता. मला वाटलं, काय जीव लागलाय हिचा." आणि उठता उठता, "आईला सांगू नगं."

पुढच्या भजनात एकतारी भरभरली. टाळकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

मी आईला सांगितलं नाही. रोज गाडीच्या वेळेला शेण वेचायचं निमित्त काढून मी रुळाशी जाऊन उभी राहू लागले. पण गाडी रोज वेळेवर येत नसे.