तातडीच्या कक्षाची जोडणी

सासऱ्यांना सुनेबद्दल खरं म्हणजे फारच थोडं ठाऊक होतं. एका छपराखाली राहूनही तिला काय आवडतं हे त्यांना धड सांगता आलं नसतं. पुढे ती आणि त्यांचा मुलगा वेगळे झाले तेव्हा लोक खोदून विचारायचे, आणि ते चष्मा पुसत बसायचे. मात्र ती कशी अडकली, ते त्यांनी जवळून पाहिलं होतं.

ती इस्पितळात संगणकाचं काम करायची. रक्ततपासणीचे अहवाल प्रयोगशाळेतून वॉर्डातल्या पडद्यांवर पोचवणारा प्रोग्रॅम तिनेच लिहिलेला. जोडणी तुटली की अहवाल अडकायचे आणि हिचा फोन वाजायचा. घास हातात, फोन कानाला. नवरा दुसऱ्या शहरात नोकरीला होता. तिला त्याच्याकडे जायचं होतं, पण इथून पाय निघेना. तोही आता "कधी येतेस?" असं विचारेनासा झाला होता.

शेवटी इस्पितळातले साहेब म्हणाले, "तुझ्यावाचून चालेल असं काहीतरी कर आणि खुशाल जा."

"बाबा, आता निरोपांची रांग करणार," मटार सोलता सोलता ती म्हणाली. "सध्या दोन संगणकांत थेट जोडणी आहे, तिला सॉकेट म्हणतात. ते फोनसारखं. दोघांनी कानाला लावून बसायचं, एकाने ठेवला की बोलणं खलास. रांगेत निरोप ठेवून मोकळं व्हायचं. समोरचा जागा झाला की उचलेल."

"म्हणजे तुझ्या सासूसारखं. फ्रिजवर चिठ्ठी, आणि स्वारी मैत्रिणीकडे."

"ऐकू येतंय मला!" आतून आवाज आला.

रांग सुरू झाली. फोन गप्प झाला. माळ्यावरच्या बॅगा खाली आल्या. घरात ती गुणगुणते हे सासऱ्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग एका दुपारी तातडीच्या कक्षात कोणीतरी पंखा लावायला म्हणून पडद्याचा प्लग काढला. एका रुग्णाचा अहवाल रांगेत सुखरूप पडून राहिला. प्रयोगशाळेला वाटलं, पोचला. डॉक्टरला वाटलं, तपासणी व्हायचीय. शंका येऊन डॉक्टर स्वतः धावत गेला, म्हणून रुग्ण वाचला. तिला कोणी बोल लावला नाही.

ती घरी आली आणि चपला न काढताच बसली.

"हरवलं तर काही नाही ना?" सासऱ्यांनी विचारलं.

"तेच तर, बाबा. सॉकेट तुटलं की लगेच बोंब मारतं. रांग शहाण्यासारखी गप्प बसते."

"मग तिलाही बोंब मारायला शिकव की."

"शिकवीन. पण त्या कक्षात पलीकडे कोणी आहे की नाही, हे त्याच क्षणी कळायला हवं. तिथे सॉकेटच लागेल."

बाकी वॉर्डांना रांग राहिली. तातडीच्या कक्षाला तिने आपल्या हाताने पुन्हा सॉकेट जोडलं. साहेब म्हणाले, "ठीक. पण ते सांभाळायला तू हवीस." तिने माणसं शिकवून तयार केली; ती सगळी चांगल्या नोकऱ्या धरून निघून गेली. ही राहिली. सासऱ्यांना वाटायचं, सांगावं, सोड ते आणि जा. पण तो रुग्ण आठवायचा आणि ते तिचं ताट झाकून ठेवायचे.

मुलगा आला तो आईवडिलांना घेऊन जायला. "तुझं काय?" असं त्याने एकदाच विचारलं. "येते, जरा इथली घडी बसू दे," ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि बॅगा उचलून जिना उतरला.

सासरे दारात रेंगाळले.

"बाबा, गोळ्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात आहेत हं."

"बरं. तू जेवलीस का?"

"जेवते. तुम्ही निघा, गाडीवाला हॉर्न मारतोय."