ते बारा शब्द

"पाचटात जन्मलेली पोरगी मला हिशोब विचारती व्हय?"

ढोकीत आम्हाला कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या ट्रॅक्टरच्या शेडात हे वाक्य मी आमच्या सगळ्या ऊसतोड टोळीसमोर ऐकलं. पाचट म्हणजे ऊस तोडल्यावर रानात पडतो तो वाळका पाला. मी खरंच तिथं जन्मले. ऊस तोडता तोडताच आई बाळंत झाली होती. मालकानं ते शिवीसारखं वापरलं. टोळी हसली. माझीच माणसं हसली.

मी असं काय विचारलं होतं? मालक सांगत होता, मोबाइलवर कॉइन, म्हणजे डिजिटल नाणी घ्या, त्याचं खातं माझ्या हवाली करा, दुप्पट करून देतो. त्याच्या मोबाइलवर त्याचे पैसे दुप्पट झालेले दिसत होते. मी म्हणाले, त्यातले थोडे आत्ता काढून दाखवा. एवढंच.

टोळी आणणाऱ्या मुकादमानं दंडाला धरून मला पुढं नेलं, मालकाच्या पाया पडायला लावलं. पडले. त्या बुटावरची धूळ कपाळाला लागली, ती अजून निघाली असं वाटत नाही.

तो प्रश्न मला मोबाइलवर मिळाला होता. तिथं एका मंचावर लोक अशा योजनांबद्दल बोलतात. आदल्या दिवशी मी तिथं मोडक्यातोडक्या हिंदीत विचारलं होतं. वाटलं, हसतील. त्यांनी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. नव्या माणसाला जे सांगतात तेच सांगितलं, तेही फटकन. नक्की नफा म्हणणाऱ्यापासून लांब राहा. पैसे परत निघतात का ते आधी बघ. आणि ज्यांनी खातं उघडतं ते बारा गुप्त शब्द कुणालाही देऊ नकोस. ते मागणारा चोर समज, मग तो तुझा बाप का असेना.

शेडात नेमकं तेच चाललं होतं. हंगामात आम्ही पालात राहतो, म्हणून आधार कार्ड, पासबुक सगळं मुकादमाकडं ठेवायची आमची रीत. तसेच हे शब्दही मालकाकडं ठेवा, असं मुकादम म्हणाला. बायामाणसं रांगेत उभी राहून मोबाइल उघडून दाखवत होती. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

आईची पाळी आली. घरावर पत्रे टाकायला जपलेला सगळा पैसा तिनं मालकाच्या सांगण्यावरून त्या कॉइनच्या खात्यात आधीच भरला होता. मी तिच्या हातातून मोबाइल ओढून घेतला.

"आण त्यो इकडं," आई म्हणाली. "मायबाप हायती ते आपले."

"माझा बाप असता तरी दिला नसता, आये."

कुणी हसलं नाही. मी आईला ओढत बाहेर आणलं.

बाकीच्यांची खाती रिकामी झाली. मालक म्हणतो, मीही फसलो. त्याला कुणी जाब विचारत नाही. आम्हाला मात्र यंदा टोळीत घेतलं नाही. पैसा वाचला तरी आई माझ्याशी धड बोलत नाही. मलाही एका जागी बसवत नाही. राग येतो, मालकाचा येतो, हसणाऱ्यांचा येतो, वाकलेल्या माझ्या पाठीचा तर लईच येतो.

त्या मंचावर आता मराठीत उत्तरं मी देते. परंड्याचं कुणी, उमरग्याचं कुणी भीत भीत विचारतं. मी कुणाचं आडनाव विचारत नाही. माझं मात्र आधीच लिहिते, मी पाचटात जन्मले.

मालकानं नवी योजना आणलीय. शेडात पुन्हा बैठक आहे. मला बोलावलेलं नाही. मी जाणार आहे. सगळ्यांच्या पुढं उभी राहून तोच प्रश्न विचारणार आहे. आणि ह्या खेपेला वाकणार नाही.