शकुंतला इथे राहत नाही

लोक घाईत असतात तिथे किस्से साचतात, असं माझं मत आहे. पोस्टात, दवाखान्यात, मंगल कार्यालयात. आमच्या ट्रॅव्हल ऑफिसात तर या तिन्ही ठिकाणची घाई एकत्र येते. सेलूत विलासभाऊंच्या घराची पुढची खोली म्हणजे ऑफिस, मागची खोली म्हणजे मंदावहिनींचा संसार, आणि मधे एक पडदा. अकरा वर्षं झाली, मी तिथे पासपोर्टचे आणि व्हिसाचे फॉर्म भरते. नवी जोडपी येतात, भिंतीवरच्या रोमच्या फोटोकडे बघून लाजतात आणि एखादा किस्सा मागे ठेवून जातात. पूर्वी मी हे सगळं लोकांना हसवायला सांगायचे. आता सांगताना मधेच अडखळते.

*

सोनपेठचा एक मुलगा हनिमूनचं बुकिंग करायला आला. रोम, फ्लॉरेन्स, व्हिएन्ना, प्राग, असं आमचं सगळ्यात भारी पॅकेज त्याला हवं होतं. सोबत नवी नवरी आणि आई.

"तिकिटं तीन काढा," आई म्हणाली. "लेकरू कधी एकटं ऱ्हायलं न्हाई."

नवरी जमिनीकडे बघत होती. विलासभाऊ माझ्याकडे आणि मी कॅल्क्युलेटरकडे. तेवढ्यात पडद्याआडून मंदावहिनी चहा घेऊन आल्या.

"न्या की मावशींना," त्या म्हणाल्या. "फ्लॉरेन्सला त्या मोठ्या घुमटावर चढायच्या चारशेच्या वर पायऱ्या हायत. लिफ्ट न्हाई. मधेच बसायला जागा न्हाई. मावशी, गुडघे कसे हायत तुमचे?"

मावशींनी गुडघ्यावर हात ठेवला आणि चहा बशीत ओतला. तिकिटं दोनच निघाली. नवरी जाताना वहिनींच्या पाया पडली.

*

आमचं खरं मार्केटिंग वहिनीच करायच्या. चोवीस वर्षं चहा देता देता त्यांनी सगळी ब्रोशर्स पाठ केली होती. प्रागचा जुना पूल ओलांडून डावीकडे वळलं की चढ लागतो, व्हिएन्नात दुपारी केक खायचा, रोमला नाण्याच्या कारंज्यावर सकाळी लवकर जायचं, मग गर्दी होते. ऐकणाऱ्याला वाटावं, बाईंचं माहेरच तिकडचं.

एक मुलगी परत आल्यावर पेढे घेऊन आली. "काकू, तुम्ही सांगितलं तसंच आहे हो सगळं. तुम्ही कधी गेला होतात?"

"मी होय? मी आत्ताच आले परभणीहून," वहिनी म्हणाल्या. "रक्त तपासायला गेले होते."

मुलगी हसली. आम्हीही हसलो. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला.

*

त्याआधीचा एक किस्सा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून आहे.

सेलूच्याच एका कापूस व्यापाऱ्याच्या मुलाचं लग्न झालं. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. यांनीही हौसेने लिहिलं. मग तिकीटही त्याच नव्या नावाने काढलं, माझी सुट्टी असताना, फोनवरून. पासपोर्ट अर्थातच माहेरच्या नावाचा. मुंबईच्या विमानतळावरून दोघांना परत पाठवलं.

पण गल्लीने तर त्यांना हार घालून, पेढे वाटून निरोप दिला होता. परत कोणत्या तोंडाने यायचं? दोघांनी संभाजीनगरला एका लॉजवर नऊ दिवस काढले आणि वेरूळ तीनदा पाहिलं. घरी आल्यावर सासूने विचारलं, "कसं होतं गं तिकडं?" नवरी म्हणाली, "लय दगडं हायत, आत्या."

त्या दिवशी विलासभाऊंनी ऑफिसात पाटी लावली. 'नवरीचे पासपोर्टवरचे नाव आधी विचारावे.' वहिनींनी ती पाटी वाचली आणि म्हणाल्या, "माझं कोण इचारणार?"

*

वहिनींचं माहेर बोरीचं. तिकडे त्या शकुंतला होत्या. मंदाकिनी हे नाव विलासभाऊंनी तांदळात लिहिलं. ते लिहिलं तेवढंच. गल्ली मंदावहिनी म्हणायची, भाचे मंदामामी म्हणायचे, विलासभाऊ मात्र आयुष्यभर "अगं" म्हणाले.

"अगंच म्हणायचं होतं तर नाव कशाला बदललं?" वहिनी त्यांना चिडवायच्या. "अगं तर मी बोरीलाबी होते."

लग्नात भाऊंनी त्यांना कबूल केलं होतं की एकदा परदेशात जाऊ, तिथली जुनी शहरं दोघांनी बघू. पण हनिमूनचा सीझन म्हणजे आमचाही सीझन, तेव्हा कसं निघणार? आणि सीझन संपला की पावसाळा, मग सणवार. लोकांचे शेकडो पासपोर्ट त्या खोलीतून निघाले, वहिनींचा राहिलाच.

रिपोर्ट आल्यावर परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही किडन्या चालल्यात. "कुठं जायचं असेल तर दिवाळीच्या आत जाऊन या. पुढं आठवड्यातून दोनदा डायलिसिसच्या मशीनवर यावं लागेल, मग लांब जाता येणार नाही."

भाऊ त्या दिवशी ऑफिसात आले आणि म्हणाले, "आशाताई, आमचा दोघांचा फॉर्म भरा." आधी वहिनींचा पासपोर्ट, मग व्हिसा, मग तिकिटं. हातात पाच महिने होते.

*

शाळेच्या दाखल्यावर शकुंतला, आधारवर मंदाकिनी. नाव बदलल्याचा एकही सरकारी कागद नाही. मी सुचवलं की आधारच जुन्या नावावर करून घेऊ, ते लवकर होईल, आणि तसं करून घेतलं. ही अक्कल माझी, आणि ती मला अजून टोचते.

पासपोर्टच्या पोलीस चौकशीला हवालदार आले तेव्हा भाऊ-वहिनी परभणीला गेले होते आणि मी जेवायला घरी. हवालदारांनी समोरच्या किराणावाल्या रंगनाथकाकांना विचारलं, "शकुंतलाबाई हितं राहतात का? नवऱ्याचं नाव विलास."

काकांनी डोळे बारीक केले. "विलासभाऊ राहतात. पण त्यांच्या मंडळींचं नाव मंदाबाई. शकुंतला कोण म्हणायच्या?"

"कागदावर बायको म्हणून लिवलंय."

"तसलं काई न्हाई बगा साहेब," काका ठासून म्हणाले. "मानूस लय सरळ हाय. अशी कोनी बाई हितं येत न्हाई, राहतबी न्हाई."

हवालदारांनी तसंच लिहून नेलं. आजूबाजूला आणखी दोघांनी भाऊंच्या चारित्र्याची हमी दिली. संध्याकाळपर्यंत गल्लीत कुजबुज सुरू झाली की भाऊंचं बाहेर काहीतरी आहे. रंगनाथकाका आठवडाभर वहिनींशी नजर मिळवत नव्हते.

वहिनी मात्र पोट धरून हसल्या. "चोवीस वर्षांनी सवत आली, तीबी मीच निघाले."

पण अर्ज अडकला. पुन्हा कागद, पुन्हा खेटे, पुन्हा चौकशी. दुसऱ्यांदा हवालदार आले तेव्हा वहिनी स्वतः बाहेर आल्या, भिंतीला धरून. सही केली. दिवाळीला वीस दिवस होते आणि मशीन सुरू होऊन पंधरा.

*

मशीनवर चार तास पडून राहावं लागायचं. भाऊ शेजारी स्टुलावर. वहिनींनी तिथेच त्यांना फिरवायला सुरुवात केली. सोमवारी रोम, गुरुवारी फ्लॉरेन्स. "आता उजवीकडं बगा. आता थांबा, पानी प्या."

शेजारच्या खाटेवर बोरीकडचेच एक म्हातारे शेतकरी असायचे. डोळे मिटून सगळं ऐकायचे. एकदा व्हिएन्नाच्या राजवाड्याची बाग अर्धी झाली असताना म्हणाले, "बाई, लय ऊन लागायलंय. जरा झाडाखालून न्या."

वहिनींनी त्यांना झाडाखालून नेलं. पुढच्या गुरुवारी ती खाट रिकामी होती. त्या दिवशी वहिनींनी कोणतंही शहर काढलं नाही. भाऊंनी विचारलं, "प्राग ऱ्हायलंय ना?" त्या म्हणाल्या, "राहू द्या. एक तरी खरंखुरं बघायला ठिवू."

मार्गशीर्षात वहिनी गेल्या.

*

तेराव्यानंतर भाऊंनी ऑफिस उघडलं. बुकिंग घेत नव्हते, फक्त खुर्चीवर बसायचे. मी जुन्या फायली लावत होते. चहा करायला पडद्यामागे जायचं धाडस मला होत नव्हतं, म्हणून आम्ही बाहेरून मागवायचो.

दुपारी पोस्टमन आला. नवा होता, बदली होऊन आलेला, गल्लीतलं कोणीच त्याच्या ओळखीचं नव्हतं.

"शकुंतलाबाई कोण?" त्याने विचारलं. "पासपोर्ट हाय. ज्याचा त्याच्याच हातात द्यावा लागतो. आधार दाखवा अन् सही करा."

मी उठले. त्याला बाजूला घेऊन सांगावं म्हणून तोंड उघडलं, पण भाऊंनी हाताने मला थांबवलं. ते खुर्चीतून उठले आणि पडद्यापाशी गेले. पडदा बाजूला केला नाही.

"शकुंतला," त्यांनी हाक मारली. "बाहेर ये. तुझा पासपोर्ट आलाय."

आत गॅस बंद होता, तरी ते तिथेच उभे राहिले. पोस्टमनने पेनाचं टोपण काढलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

"येऊ द्या सावकाश," तो म्हणाला. "मी थांबतो."