चिप की कार्ड

बुधवारी दुपारी ऑफिसात फोन आला, "अन्वरभाई गेले." मी वैतागून विचारलं, "गेले म्हणजे? कुठे गेले?" इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात कधी विचारला नसेल... आता काही आठवडे झालेत, तरी तो प्रश्न कानात आहेच.

अन्वरभाई रत्नागिरीचे. इथं बहरीनला नईम भागात एका खोलीत एकटे राहायचे. आमची दोस्ती जमली ती त्यांच्या जुन्या गेमच्या मशीनवर. शुक्रवारी त्यांची नमाज झाली की त्यांच्या हातचं माशाचं कालवण आणि मग मशीन टीव्हीला जोडून क्रिकेटचा गेम. एक दिवस मशीन डिस्क वाचेना आणि आमचा वाद जुंपला. डिस्कशिवाय गेम चालवायचे दोन मार्ग होते. मशीन उघडून आत चिप सोल्डरने कायमची डाखायची, किंवा बाहेरून एक कार्ड खोचायचं, जे काढलं की मशीन पुन्हा होतं तसं. माझा स्वभाव एक घाव दोन तुकडे, मी चिपच्या बाजूचा. ते म्हणायचे, "कशाला रे चिरफाड? कार्डच बरं. काढता येतं."

त्यांचं सगळंच तसं. इतकी वर्षं बहरीनमध्ये काढली, पण भिंतीत एक खिळा ठोकला नाही. लग्नातला फोटोसुद्धा टेबलावर नुसता टेकवलेला. "जायचंच आहे रे. इंशाल्ला, पुढच्या वर्षी खलास." मी ओरडायचो, "अहो, व्हिसा रिन्यू करता करता म्हातारे झालात!" ते नुसते हसायचे.

शेवटच्या शुक्रवारी मीच हार मानून कार्ड घेऊन गेलो, तर म्हणाले, "नको. चिप बसव. तुझ्या भाभीला, हमीदाला, आणतोय. सनद भागात फ्लॅट बघितलाय. बस झालं, आता इथंच राहायचं." इतकं खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी मशीन उघडलं, स्क्रू चहाच्या बशीत ठेवले. डाखकाम पुढच्या शुक्रवारी करायचं ठरलं...

दफन इथंच झालं. भाभी फ्लॅटमध्ये यायच्या होत्या, त्याऐवजी त्यांना फोनवरून सगळं ऐकावं लागलं. देवाचा राग आला मला, अजून आहे.

खोली रिकामी करून मशीन, बशी आणि तो फोटो मी घरी आणला. भाभींना विचारलं, "गावी पाठवू?"

"त्यांनी काय ठरवलं होतं, अवीभाई?"

"चिप."

"मग बसवा. आणि तिथंच ठेवा सगळं. तेही तिथंच आहेत ना..."

काल चिप डाखली. बशीतले स्क्रू घट्ट पिळले. मशीन सुरू झालं, पण खेळायला बसवेना. मग हातोडी काढली, हॉलच्या भिंतीत खिळा ठोकला आणि दोघांचा फोटो लावला. घरमालक ओरडला तर ओरडू दे.