गाळातला माठ

१९७९ साल. मी शेहेचाळीस वर्षांचा होतो आणि साजगावात माझ्यासारखी माठाची भाजी कुणाची येत नव्हती. चौथीत शाळा सुटली, पण भाजीतलं मला कुणी शिकवावं हे कधी खपलं नाही.

उन्हाळ्यात ओढ्याचा गाळ काढून मळ्यात टाकायची आमची वाडवडिलांची रीत. फुकटचं खत. वरच्या अंगाला कारखाने आले, ओढ्याला कधी हिरवट, कधी तांबूस पाणी यायला लागलं. मी ते खड्ड्यात निवळू द्यायचो. वरचं नितळ पाणी पाटानं भाजीला, तळाचा गाळ वाफ्यात. काय हुशार समजायचो स्वतःला!

जावई तिथंच मुलाम्याच्या कारखान्यात कामाला. तो एकदा म्हणाला, "मामा, शिसं न् काय काय, सगळं त्या गाळात बसतं. मुळातनं भाजीत चढतं, धुऊन जात नाय. किडनी खातं हळूहळू. पोटातल्या पोराला तर लईच वाईट."

"तू तुझा मुलामा बघ. भाजी मी बघतो."

कर्जतच्या बाजारात एका बाईनं विचारलं, "कुठल्या पाण्यावरची हो?" मी तिच्या हातातली जुडी काढून घेतली. "माझी लेक हीच खाते," म्हणालो. "नको तर राहू दे."

त्याच वर्षी लेक पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. एका दुपारी जेवायला बसलो. तिच्या ताटात माठ, माझ्या ताटात माठ. पण तिच्या ताटातले देठ बारीक. माझ्या माठाचा देठ बोटाएवढा जाड.

"ही आपली नाय," मी म्हणालो.

लेकीनं ताट जरा स्वतःकडे ओढलं. बायको म्हणाली, "बाजारची हाय."

"मळ्यात ढीग पडलाय न् तू इकत आणतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणून तर सुक्या बोंबलांखाली लपवून आणते."

"न् मला?"

"तुमाला तुमची. मीबी तीच खाते. आपण जुनी खोडं, जाऊ बरोबर. ते पोटातलं अजून जगात यायचंय. त्याला कशाला आपल्यासंगं वडायचं?"

मी हातातला घास ताटात ठेवला. जावयाचं बोलणं मी उडवून लावलं होतं, तिनं मनावर घेतलं होतं. माझ्याच घरात माझ्या लेकीला माझ्या भाजीपासून चोरून वाचवावं लागत होतं. आणि बाजारात मी छाती काढून तिचाच दाखला देत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटाचं तोंड मातीनं बुजवलं. उभा माठ उपटून खड्ड्यात लोटला, म्हशीलाही घातला नाही. मग पिशवी घेऊन कर्जतला गेलो. माझ्या शेजारी बसणारी भाजीवाली हसली, "काय दादा, आज टोपली कुठं राहिली?"

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. माठाची एक जुडी उचलली आणि खाली बघूनच विचारलं, "कुठल्या पाण्यावरची गं?"