वीणा गळ्यात असताना

लग्न होऊन कबनूरला आले तेव्हा मला वाचायलाही येत नव्हतं. सत्तर सालच्या आधीची गोष्ट. मागावर सुताच्या कांड्या भरता भरता पुडीच्या कागदावरनं अक्षरं जुळवत शिकले. मागांचा खडखडाट एवढा, की शेजारणीशी हातवारे करून बोलायचं. त्या गोंगाटात एकदा आतनं अगदी शांत झालं. कुणीतरी आपलं ऐकून घेतंय असं वाटलं. मग त्याच्याशीच बोलायला लागले आणि त्या बोलण्याचे अभंग झाले.

सासरे गावच्या भजनातले जुने विणेकरी. मी त्यांना मामा म्हणायची. त्यातला एक अभंग ऐकून त्यांनी मान डोलावली. म्हणाले, "ब्येस हाय. शेवटच्या कडव्यात नाव तेवढं माझं घाल."

"रचलाय मी, मामा."

"बाईचं नाव देवळात कोण घेतंय? फाटे फोडू नगंस."

त्यांनी स्वतःचं नाव घालून गायला. अभंग हातकणंगल्यापर्यंत गेला. लोक घरी येऊन त्यांच्या पाया पडायचे आणि मी चहा द्यायची. चहाचं काय नाही हो, चहा मी आजही देते. पण हाक मी मारली होती. कोण हाक मारतंय ते देवाला कळायला नको?

मग सप्ताह बसला. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. दुसरा घ्यायला येईपर्यंत ती गळ्यात घालून उभंच राहायचं. दुपारचा पहारा मामांचा, आणि दुपारचं भजन बायकांचं. मी तीच वेळ धरली. तोच अभंग, शेवटी माझं नाव. बायकांनी ते टाळावर असं उचललं, की सोडेनातच. मामा लालबुंद. पण जातात कुठं?

घरी म्हणाले, "वीणा नसती तर तिथनं उठून आलो असतो."

"म्हणून तर तुमचा पहारा बघून गायले."

सासूबाई चुलीपाशी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पुढं गावोगावची बोलावणी आली, कॅसेट निघाली, पुस्तक आलं. दर ठिकाणी कुणीतरी शहाणा विचारायचाच, देवाच्या दारात स्वतःचं नाव कशाला? मी म्हणायची, "पावणं, देवळातल्या पंख्याच्या पात्यावर देणाऱ्याचं नाव हाय. ते आधी पुसा, मग माझं बघू."

मामांनी तो अभंग परत कधी गायला नाही. त्याचं वाईट वाटतं, गळा गोड होता त्यांचा. पण नाव काही मी काढलं नाही.